‘सांभाळून घ्या’ म्हणण्याआधी : सरकारी नोकरीतलं दारूचं व्यसन आणि कार्यालयाने टाकायची पावलं

सरकारी कार्यालयात दारूचं व्यसन आधी सोमवारी दिसतं. मस्टरवर सही नसते. अकराच्या सुमारास घरून फोन येतो, ‘त्यांना जरा बरं नाही’. शेजारच्या टेबलवरचा माणूस न सांगताच त्याची आवक उघडून बसतो, दोन निकडीच्या फायली स्वतःकडे ओढतो आणि कुणी विचारलंच तर ‘फील्डवर गेलेत’ असं सांगून मोकळा होतो. हे आधी महिन्यातून एकदा होतं, मग दोनदा, मग दर आठवड्याला.

मी आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली. एका वरिष्ठ लिपिकाचं काम आम्ही पाच जणांनी मिळून जवळजवळ नऊ वर्षं केलं आणि त्याला आम्ही माणुसकी म्हणत होतो. माणूस हुशार, नियम तोंडपाठ. यकृत बिघडून दवाखान्यात दाखल झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही का?’ लक्षात सगळ्यांच्याच आलं होतं. बोललं कुणीच नव्हतं.

हा लेख मुख्यतः शाखाप्रमुखासाठी, पर्यवेक्षकासाठी आणि त्या शेजारच्या टेबलवाल्यासाठी आहे. घरच्यांसाठी आणि स्वतः पिणाऱ्यासाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे. रजेची आणि शिस्तीची कलमं ज्याने त्याने आपापल्या खात्याची बघावीत. पावलांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी हाच चालतो.

सरकारी नोकरीत हे इतकं लांबतं का?

खासगी नोकरीत पिणारा माणूस काही महिन्यांत बाहेर पडतो. सरकारी नोकरीत त्याला काढणं सोपं नसतं, आणि बहुतेक साहेबांची तशी इच्छाही नसते. पगार पहिल्या तारखेला येतो, पेन्शन समोर दिसत असते, ‘पोरंबाळं आहेत’ हे वाक्य प्रत्येक चर्चेच्या शेवटी येतं. मग पर्याय उरतो बदलीचा. एका शाखेने दुसरीकडे ढकलायचं, दुसरीने तिसरीकडे. प्रत्येक बदलीत जुना इतिहास पुसला जातो आणि नवा साहेब शून्यापासून सुरुवात करतो. व्यसनाला याहून सोयीची व्यवस्था सांगून बनवता आली नसती.

याच नोकरीची दुसरी बाजूही आहे. उपचाराला वेळ लागतो, आणि रजा, वैद्यकीय सवलत, कामावर परत येण्याचा हक्क या रूपाने सरकारी नोकरी तो वेळ देऊ शकते. शिवाय अनेक पिणाऱ्यांना घर तुटण्यापेक्षाही नोकरी जाण्याची धास्ती अधिक वाटते. ती धास्ती योग्य वेळी, योग्य शब्दांत वापरली तर माणूस डॉक्टरच्या दारापर्यंत जातो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर वापरली तर काही उपयोग नसतो.

ताणाचंही बोलायला हवं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर 1985 साली ‘व्हाइटहॉल 2’ नावाचा अभ्यास सुरू झाला. 35 ते 55 वयाचे 10,308 स्त्री-पुरुष त्यात होते आणि पुढची कित्येक वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. कष्ट जास्त आणि त्या मानाने मोबदला, मान, बढती कमी, अशी स्थिती असलेल्या पुरुषांमध्ये दारूवर अवलंबून राहण्याचं प्रमाण अधिक आढळलं. याच गटातल्या 550 जणांच्या मेंदूचे स्कॅन पुढे काढले गेले. 2017 साली त्यांचे निष्कर्ष आले. आठवड्याला साधारण 112 ते 168 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल घेणाऱ्यांमध्येही स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट होती. यातले बरेच जण स्वतःला ‘कधीतरी, प्रमाणात’ पिणारे म्हणवत असणार. फाइल कुठे ठेवली हे न आठवणं नेहमीच वयाचं लक्षण नसतं.

तरीही ‘ताण आहे म्हणून पितो’ हे वाक्य मी अर्धंच घेतो. ताण खरा असतो आणि तो कमी करणं कार्यालयाचं काम आहे. पण एकदा अवलंबित्व आलं की ताण ओसरल्यावरही पिणं थांबत नाही, कारण तोवर शरीराचंच वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.

आधी हिशेब समजून घ्या

कार्यालयात दारूवर बोलताना सगळे अंदाजाने बोलतात. दोन-तीन आकडे माहीत असले की बोलणं जमिनीवर येतं.

मद्याच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. मिलीलीटर गुणिले टक्केवारी गुणिले 0.79 केलं की शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. 40 टक्क्यांच्या मद्याचे 60 मिलीलीटर म्हणजे सुमारे 19 ग्रॅम. 180 मिलीलीटर म्हणजे सुमारे 57 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत एक ‘प्रमाण पेय’ 10 ग्रॅमचं धरतात, म्हणजे 180 मिलीलीटर पिणाऱ्याने ‘तीन पेग’ म्हटलं तरी हिशेबात ती जवळजवळ सहा पेयं झाली.

आता दुसरा आकडा. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल बाहेर काढतं. थंड पाणी, अंघोळ, लिंबू, कडक चहा, ओकारी, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बारापर्यंत 180 मिलीलीटर संपवलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सहा ते आठपर्यंत अल्कोहोल असू शकतं. त्याने 375 मिलीलीटर घेतली असेल तर सुमारे 118 ग्रॅमचा हिशेब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधी संध्याकाळपर्यंत चालतो. म्हणून सकाळी सातच्या पाळीवर येणारा चालक ‘मी आज प्यायलोच नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, तरीही तो स्टिअरिंगवर बसायच्या लायकीचा नसतो. चालक, सिग्नलवरचे कर्मचारी, शस्त्र बाळगणारे, वीजवाहिन्यांवर चढणारे, शस्त्रक्रियागृहात उभे राहणारे, या सगळ्यांच्या प्रशिक्षणात हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला हवा. उपदेशाच्या तासभर भाषणापेक्षा ही पाच मिनिटं जास्त कामाला येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे चाचणी. ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेने तयार करून घेतली. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा पिता याचे, पुढचे तीन अवलंबित्वाचे, शेवटचे चार झालेल्या नुकसानीचे. गुण 0 ते 40. आठ किंवा त्याहून अधिक आले तर पिणं धोक्याच्या बाजूला झुकलेलं समजतात; 16 ते 19 असतील तर समुपदेशन आणि सतत लक्ष हवं; 20 किंवा त्याहून अधिक असतील तर तज्ज्ञाकडून तपासणी. ही चाचणी माणसाने स्वतः किंवा डॉक्टरसमोर सोडवायची असते. साहेबाने केबिनमध्ये बसवून भरून घ्यायचा तो फॉर्म नव्हे. तसं केलंत तर उत्तरं खोटी येतील आणि विश्वास जाईल तो वेगळाच.

पहिलं पाऊल : झाकणं थांबवा

हे सर्वांत अवघड आहे, म्हणून आधी.

सहकारी काय काय झाकतात याची मी एकदा मनातल्या मनात यादी केली होती. मस्टरवर उशिराची सही करू देणं. हालचाल रजिस्टरमध्ये खोटी नोंद. त्याच्या टिपण्या आपण लिहिणं. उसने पैसे. नागरिकांना ‘उद्या या’ सांगणं. तोंडाचा वास जाणवला की त्याला मागच्या खोलीत बसवणं. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे आणि सगळ्या मिळून त्याला पिण्याचा एकही परिणाम भोगू देत नाहीत.

थांबवणं म्हणजे तक्रार करणं नव्हे. एवढंच सांगायचं: ‘यापुढे तुमच्या फायली मी करणार नाही, खोटं सांगणार नाही आणि पैसे देणार नाही. दवाखान्यात यायचं असेल तर मात्र आत्ता, या क्षणी तुमच्यासोबत येतो.’ हे एकट्याने सांगितलं तर तो दुसऱ्या टेबलकडे जातो. शाखेतल्या तिघाचौघांनी आपसात ठरवून एकाच आठवड्यात सांगितलं तर फरक पडतो. त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करून हसणंही त्याच आठवड्यात बंद करावं. ज्या कार्यालयात एखाद्याची दारू हा चहाच्या वेळेचा विनोद असतो, तिथे तो मदत मागायला कधीच तोंड उघडत नाही.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत झाकणं अधिक घट्ट असतं. लाजेपोटी त्या एकट्याने पितात, वास लपवतात, आणि सहकाऱ्यांना शंका आली तरी ‘घरचं टेन्शन असेल’ म्हणून विषय बदलला जातो. तेवढंच प्यायल्यावर स्त्रीच्या रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढतं आणि यकृताची हानीही लवकर होते, म्हणून इथे उशीर अधिक महागात पडतो.

दुसरं पाऊल : कामाची नोंद ठेवा, दारूची नको

पर्यवेक्षकाने डॉक्टर व्हायचं नसतं. ‘अमुक व्यसनी आहे’ असं कागदावर लिहिलंत की तुम्ही अडकलात. ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसलं तेवढंच, तारीख आणि वेळ घालून लिहा. ‘दि. 4 रोजी 11:40 वाजता हजर. दि. 11 रोजी पूर्वसूचनेशिवाय गैरहजर. तीन देयकांत बेरजेच्या चुका. दुपारी 3 नंतर जागेवर नव्हते, हालचाल रजिस्टरमध्ये नोंद नाही.’ दोन-तीन महिन्यांच्या अशा नोंदी एकत्र ठेवल्या की आकृती आपोआप दिसते: सोमवार, पगारानंतरचे दोन दिवस, सुट्टीला जोडलेली किरकोळ रजा.

कारण दुसरंही निघू शकतं. मधुमेहात साखर उतरली, डोक्याला मार लागला, पक्षाघाताची सुरुवात असली तरी माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो. नैराश्याचा रुग्ण सोमवारी उठूच शकत नाही. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासाला फळासारखा वास येतो आणि बाजूचे लोक ‘टाकून आलाय’ म्हणून मोकळे होतात. नोंद कामाची असली की कारण काहीही निघो, ती वाया जात नाही.

तिसरं पाऊल : समोरासमोर बोलणं

दिवस मधला निवडा, बुधवार-गुरुवार. वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना. जागा बंद दाराची. एकटे बसा किंवा त्याचा विश्वास असलेली एकच व्यक्ती सोबत घ्या. चार जणांची पंचायत भरवू नका. नोंदींचा कागद समोर ठेवा. एकूण वेळ वीस मिनिटं, त्यात तुम्ही बोलायचं पाच.

सुरुवात अशी जमते:

‘बसा. तुमच्या कामाबद्दल बोलायचंय. या तीन महिन्यांत नऊ दिवस न कळवता गैरहजेरी आहे, चार देयकं परत आली. पूर्वी तुमच्या टेबलवरून एक कागद परत येत नव्हता. काय झालंय?’

मग गप्प बसा. ही शांतता अधिकाऱ्यांना झेपत नाही, ते लगेच स्वतःच उत्तर देतात. देऊ नका.

तो बहुधा म्हणेल, ‘साहेब, घरी जरा अडचणी आहेत.’ मान्य करा आणि कामावर परत या: ‘अडचणींसाठी काय मदत हवी ते सांगा. काम मात्र असं चालणार नाही.’ तो म्हणेल, ‘सगळेच घेतात, मी काय एकटा?’ वाद घालू नका. तुम्ही दारूचं नावही काढलेलं नाही, ते त्याने काढलं आहे. एवढंच विचारा, ‘तुम्हाला स्वतःला त्याबद्दल काय वाटतं?’ कुणी रडेल, कुणी चिडेल, कुणी शपथा घेईल. शपथ स्वीकारू नका. ‘उद्यापासून हात लावणार नाही’ हे तो त्या क्षणी खरंच मनापासून म्हणत असतो. पण त्याच्या भरवशावर बैठक संपली तर तुम्ही पुन्हा पहिल्या पावलाच्याही मागे गेलात.

बैठक संपायच्या आधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: अमुक तारखेला वैद्यकीय तपासणी, आणि अमुक तारखेला पुन्हा भेट. काम सुधारलं नाही तर काय होईल हेही आवाज न चढवता सांगा. जे करणार नाही त्याची धमकी देऊ नका. नऊ वर्षांत आमच्या त्या सहकाऱ्याला ‘शेवटची संधी’ मी स्वतः ऐकलेली सहा वेळा मिळाली होती.

चौथं पाऊल : उपचार, आणि इथे घाई जीवघेणी ठरते

लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक पूर्ण बंद केलं तर शरीर उलटतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हातांची थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. 6 ते 48 तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं, किडे दिसतात, दिवस-जागेचं भान जातं, ताप चढतो. याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि उपचार न मिळाले तर त्यात माणूस दगावतो. म्हणूनच ‘आजपासून बंद कर, नाहीतर निलंबित करतो’ हा हुकूम चांगल्या हेतूने दिला तरी घातक. ज्याला सकाळी उठल्यावर थरथर थांबवायला घोट लागतो, ज्याला पूर्वी सोडताना फिट आलेली आहे, त्याने डॉक्टरच्या देखरेखीतच सोडायची. दुसऱ्याच आजारासाठी किंवा अपघातात भरती झालेल्या सहकाऱ्याच्या बाबतीतही डॉक्टरांना पिण्याची खरी सवय सांगा. अब्रू जाईल म्हणून नातेवाईक लपवतात आणि तिसऱ्या रात्री वॉर्डात गोंधळ उडतो.

देखरेखीत हे आठवडाभराचं काम असतं. थरथर आणि फिट टाळायला ठरावीक दिवसांपुरती, हळूहळू कमी करत नेलेली औषधं देतात. सोबत थायमिन, म्हणजे ब 1 जीवनसत्त्व, भरपूर देतात. त्याच्या कमतरतेने मेंदूला होणारी इजा कायमची राहू शकते.

यानंतर खरं काम सुरू होतं, आणि कार्यालयं नेमकी इथेच चुकतात. आठ दिवस भरती राहून आला म्हणजे बरा झाला, असं समजून त्याच्यापुढे तीन महिन्यांची तुंबलेली आवक ठेवली जाते. शरीरातून दारू गेली, ओढ जायला महिने लागतात. त्यासाठी समुपदेशन, स्वमदत गट आणि गरज असेल तर औषधं. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते, अकॅम्प्रोसेट सोडलेली दारू सुटलेलीच राहायला मदत करतं; कुणाला कोणतं चालेल हे यकृत, मूत्रपिंड आणि इतर औषधं बघून डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम वेगळं आहे. ते घेतल्यावर प्यायलं तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. ते रुग्णाच्या संमतीनेच द्यायचं. ‘जेवणातून नकळत देतो’ म्हणणारे नातेवाईक आणि त्यांना गोळ्या मिळवून देणारे सहकारी मी पाहिले आहेत. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात जाऊ शकतो.

स्वमदत गटांत जुना आणि सर्वांत पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले त्यातून तो उभा राहिला. शुल्क नाही, नाव सांगायची सक्ती नाही. शिपाई आणि संचालक एकाच बाकावर बसतात. ‘माझ्या हाताखालचा माणूस तिथे भेटला तर?’ ही अधिकाऱ्यांची भीती मी अनेकदा ऐकली. भेटेल. तोही त्याच कारणासाठी आलेला असेल.

पाचवं पाऊल : कागदपत्रं आणि गुप्तता

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली कामाच्या ठिकाणच्या दारू आणि अमली पदार्थांबद्दल आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा: याकडे इतर आजारांसारखंच आरोग्याचा प्रश्न म्हणून बघा, माहिती गुप्त ठेवा, शिस्तभंगाची कारवाई करायचा अधिकार कार्यालयाला आहेच, पण समुपदेशन आणि उपचाराला आधी संधी द्या. त्याच्या कितीतरी आधी, 1970 साली, अमेरिकेने कायदा करून केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी अशा उपचार-कार्यक्रमांची तरतूद केली. तो कायदा रेटणारे सिनेटर हॅरोल्ड ह्यूज स्वतः दारूतून बाहेर पडलेले होते आणि ते उघडपणे सांगत.

प्रत्यक्षात याचा अर्थ साधा आहे. रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ पुरतं. निदानाचा कागद लागलाच तर तो बंद पाकिटात, आस्थापनेच्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे. फाइल पाच टेबलांवरून फिरवायची नाही. उपचाराच्या नोंदी गोपनीय अहवालात येऊ नयेत. कामाच्या नोंदी याव्यात. चौकशी आधीच सुरू असेल तर उपचाराला गेला म्हणून ती आपोआप रद्द होत नाही आणि उपचाराला गेला हा त्याच्याविरुद्धचा पुरावाही होत नाही. या दोन गोष्टी त्याला लेखी सांगाव्यात, कारण उपचार नाकारण्यामागे बहुधा हीच शंका असते.

ड्युटीवर पिऊन आला तर

हा प्रसंग वेगळा, इथे पायऱ्या नाहीत, मिनिटं आहेत. आधी धोका काढा: गाडीची किल्ली, शस्त्र, यंत्र, रोकड, रुग्ण, यांपासून त्याला दूर करा. सर्वांदेखत वाद नको. दुसऱ्या एका अधिकाऱ्याला बोलवा, दोघांनी जे दिसलं ते लिहा. लगेच वैद्यकीय तपासणी, कारण वर सांगितल्याप्रमाणे ती दारू नसूही शकते. श्वास किंवा रक्ताची चाचणी खात्याच्या नियमात बसेल तशीच. घरी पाठवायचा तर सोबत माणूस देऊन. त्याची स्वतःची गाडी त्याच्या हाती द्यायची नाही. हाका मारून जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. ‘झोपू द्या, उतरेल’ असं म्हणून मागच्या खोलीत दार लोटून ठेवलेली माणसं उलटीने गुदमरून गेली आहेत.

आणि एक: निलंबनाचा किंवा नोटिशीचा कागद हातात दिल्यावर त्याला एकट्याला सोडू नका. दारू, अपमान आणि रिकामं घर हे तिन्ही एकत्र आले की आत्महत्येचा धोका वाढतो. घरच्यांना फोन करा, तो कुणाच्या तरी ताब्यात जाईपर्यंत थांबा, आणि मनात शंका असेल तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार सुचत नाहीत.

सहावं पाऊल : परत आल्यावर

पहिल्या दिवशी हारतुरे नकोत, टोमणे नकोत. ‘या, तुमचं टेबल तिथेच आहे’ एवढं पुरे. पहिले काही महिने सर्वांत नाजूक असतात. त्या काळात रोकड, चालकाचं काम, रात्रपाळी, मुक्कामी दौरे टाळता आले तर टाळा. ही शिक्षा नाही हे त्याला सांगा आणि कधी संपणार ती तारीखही सांगा, नाहीतर ती शिक्षाच वाटते. गटाच्या सभेच्या किंवा समुपदेशनाच्या वेळेला सुटी मिळेल हे आधीच ठरवा. दर दोन आठवड्यांनी दहा मिनिटांची भेट, विषय पुन्हा काम.

त्याच्या पुनरागमनाच्या निमित्ताने कार्यालयाच्या सवयीही एकदा तपासाव्यात. कंत्राटदाराकडून येणाऱ्या बाटल्या, दौऱ्यावरची ‘व्यवस्था’, बढतीची पार्टी म्हणजे दारूच, न पिणाऱ्याला ‘तू काय देवमाणूस’ म्हणणं. साहेबच बाटली उघडत असेल तर वरचं सगळं वाचून फारसा उपयोग नाही.

घसरण होईल असं धरून चाला. एकदा पिणं आणि पूर्वीसारखं रोजचं पिणं यात फरक आहे. तो स्वतःहून येऊन ‘काल घेतली’ म्हणाला तर ती उपचाराची बातमी आहे. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. लपवलं, काम पुन्हा ढासळलं आणि मदत नाकारली, तर नोंदी पुढे पाठवून नियमाप्रमाणे कारवाई होऊ द्या. कारवाईच्या पत्रातही उपचाराची वाट खुली असल्याचं एक वाक्य ठेवा. मी असे दोघे पाहिले जे विभागीय चौकशी सुरू झाल्यावरच व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. त्यांतला एक आज कुणाला पटणार नाही इतका वक्तशीर आहे. दुसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

घरच्यांसाठी

कार्यालयात खोटा फोन करू नका. ‘बरं नाही’ ऐवजी ‘आज येणार नाहीत’ एवढंच सांगा. कर्ज, उसनवारी, पतसंस्थेचे हप्ते यांचा कागदावर हिशेब मांडा, बहुधा तो कुणालाच पूर्ण माहीत नसतो. बाटल्या ओतून देणं, शपथा, खोलीत कोंडणं यातून काही साधत नाही, आणि कोंडणं तर वर सांगितलेल्या फिटच्या धोक्यामुळे भयंकर. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. त्याचा उपचार नंतर. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाचे गट आहेत. तो सोडो न सोडो, तुम्ही तिथे जाऊ शकता.

आणि हे वाचणारा पिणारा तुम्हीच असाल तर

चार प्रश्न आहेत, डॉक्टर बरीच वर्षं विचारत आले आहेत. कमी करावं असं कधी वाटलं का? लोकांनी बोललेलं टोचलं का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली का? दोन ‘हो’ आले तर तपासणी करून घ्यावी. शेवटचं ‘हो’ असेल तर आज रात्री एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर. त्यांना मिलीलीटरचा खरा आकडा सांगा, निम्मा नको, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते. शेवटचा घोट किती वाजता घेता आणि सोडताना पूर्वी फिट आली होती का, हेही सांगा. कुणाला तरी सोबत घ्या. उद्याच्या रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवा. कारणाच्या रकान्यात ‘वैद्यकीय’ एवढा एक शब्द पुरतो.